‘ग्ली’चे चाहते तिच्यावर इतके का चिडत असत?

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १९ मे २००९ रोजी ‘ग्ली’ या संगीतमय विनोदी मालिकेचा पहिला भाग दाखवण्यात आला आणि २० मार्च २०१५ रोजी तिने प्रेक्षकांचा निरोप घेतला. सहा पर्वे आणि १२१ भाग चाललेल्या या मालिकेला जसे चाहते लाभले, तसे फार थोड्या विनोदी मालिकांच्या वाट्याला येतात. हे चाहते स्वतःला ‘ग्लीक’ म्हणवून घेत, भाग संपताच त्यातली गाणी विकत घेत, पात्रांच्या जोड्यांना लाडकी नावे देत, आणि त्याच वेळी मालिकेच्या लेखकांवर आठवड्यामागून आठवडे तुटून पडत. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडेच वाटते. मालिका आवडली नाही तर माणूस ती पाहणे सोडतो, आणि आवडली तर तक्रार करत नाही, असा आपला साधा समज असतो. ‘ग्ली’वर मात्र सर्वांत कडक टीका तिच्या सर्वांत निष्ठावान प्रेक्षकांनीच केली. याचे कारण मालिकेच्या पहिल्याच काही भागांत सापडते, असे मला वाटते. शाळेत ज्यांना कोणी विचारत नाही अशा मुलामुलींना या मालिकेने एक शब्द दिला होता, आणि पुढच्या सहा वर्षांतल्या टाळ्या काय, संताप काय, तो शब्द पाळला जातो आहे की नाही याचाच हिशेब होता.

शाळेतले गायनमंडळ

मालिकेचे कथानक ओहायो राज्यातल्या लिमा शहरात घडते. लिमा हे खरोखरचे शहर आहे. मालिकेतले विल्यम मॅकिन्ली हायस्कूल मात्र कल्पित आहे. या शाळेत विल शूस्टर नावाचा स्पॅनिश शिकवणारा शिक्षक मोडकळीस आलेले गायनमंडळ पुन्हा उभे करायला घेतो. अमेरिकेतल्या शाळांत अशी मंडळे नवी नाहीत. मुले एकत्र गातात, गाता गाता नाचतात, आणि त्यांच्या स्पर्धा टप्प्याटप्प्याने होत राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून अंतिम फेरी गाठण्यासाठी एखादी हौशी नाट्यसंस्था जशी जिवाचे रान करते, तशीच ही धडपड असते. मॅकिन्लीत मात्र गाणाऱ्या मुलांना मान नाही. मान आहे तो फुटबॉलच्या संघाला आणि चीअरलीडर मुलींना. गायनमंडळातल्या मुलांच्या तोंडावर भर व्हरांड्यात बर्फाळ रंगीत सरबत भिरकावले जाते, आणि चीअरलीडर्सची प्रशिक्षक सू सिल्व्हेस्टर हे मंडळ बंद पाडण्यासाठी दर आठवड्याला नवा डाव टाकते. ही भूमिका करणाऱ्या जेन लिंच यांना २०१० मध्ये एमी पुरस्कार मिळाला.

रायन मर्फी, ब्रॅड फाल्चक आणि इयन ब्रेनन या तिघांनी ही मालिका निर्माण केली. त्यांनी मंडळात आणलेली मुले पाहिली की दिलेला शब्द काय होता ते कळते. गाण्याखेरीज दुसरे काही न सुचणारी, म्हणून सर्वांना नकोशी झालेली रेचल. आवाज मोठा पण कायम मागच्या रांगेत उभी केली जाणारी कृष्णवर्णीय मर्सिडीज. चाकाच्या खुर्चीतला आर्टी. फारसे न बोलणारी आशियाई वंशाची टीना. आणि समलिंगी असल्यामुळे रोज ढकलाढकली सोसणारा कर्ट. त्यांच्याबरोबर फुटबॉल संघाचा कर्णधार फिनही येतो, आणि लोकप्रिय असूनही या मुलांत मिसळल्याची किंमत मोजतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवर अशी मुले त्याआधी असत, पण बहुधा नायकाच्या मित्राच्या किंवा विनोदाच्या जागी. इथे त्यांना सांगण्यात आले की गाणे तुमचे आहे, पुढे या.

कर्टचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ख्रिस कोल्फर हा तरुण आर्टीच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आला होता. त्याला पाहून निर्मात्यांनी कर्ट हे पात्र खास त्याच्यासाठी लिहिले. सप्टेंबर २००९ मधल्या एका भागात कर्ट धीर एकवटून आपल्या वडिलांना, मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवणाऱ्या बर्टला, आपण समलिंगी असल्याचे सांगतो. बर्ट शांतपणे उत्तर देतो की हे मला तू तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे, कारण त्या वाढदिवसाला तू बेताच्या टाचांचे बूट मागितले होतेस. या गोष्टीचा आपल्याला आनंद झालेला नाही, हे तो लपवत नाही. पण तू असा आहेस तर माझे तुझ्यावर तितकेच प्रेम आहे, असे सांगून तो मुलाला जवळ घेतो. माइक ओमॅली यांनी साकारलेला हा बाप चाहत्यांच्या मनात जे स्थान मिळवून बसला, ते मालिकेतल्या गाणाऱ्या पात्रांनाही सहज मिळाले नाही. घरी असे संभाषण ज्यांना करता आले नव्हते, किंवा करून जे पस्तावले होते, त्यांच्यासाठी तो प्रसंग निव्वळ करमणुकीचा उरला नाही.

शब्द जितका मोठा, तितकी त्याची तपासणीही कडक. नोव्हेंबर २००९ मध्ये आर्टीवर बेतलेला एक भाग आला. त्यात मंडळातली सगळी मुले चाकाच्या खुर्च्यांत बसून गातात आणि आर्टीच्या बससाठी पैसे जमवतात. अनेकांना तो भाग हृद्य वाटला, पण अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आणि अपंग कलाकारांनी नेमका प्रश्न विचारला: अपंगांना संधी मिळत नाही असे सांगणाऱ्या कथेतच आर्टीची भूमिका चालत्या-फिरत्या केव्हिन मॅकहेलला का दिली? या आक्षेपात मालिकेबद्दल द्वेष नव्हता. तुम्ही जे म्हणता ते तुम्हीच करून दाखवा, एवढीच मागणी होती, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात ती वेगवेगळ्या रूपांत परत आली.

गाण्यांचा खप आणि एक विक्रम

चाहत्यांची प्रतिक्रिया मोजायची कशी, या प्रश्नाचे ‘ग्ली’च्या बाबतीत एक ठोस उत्तर होते. प्रत्येक भागातली गाणी त्याच सुमारास आयट्यून्सवर विक्रीला येत, आणि ती किती खपली हे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या साप्ताहिक यादीत दिसे. पहिल्या भागाच्या शेवटी मुले लाल शर्ट घालून जर्नी या बँडचे १९८१ मधले ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ गातात; त्यांची ही आवृत्ती यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘ग्ली’च्या कलावंतांनी यादीत सर्वाधिक गाणी आणणाऱ्या समूहाचा बीटल्सचा विक्रम मोडला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी एल्व्हिस प्रेस्ली यांच्या १०८ गाण्यांनाही मागे टाकले. मालिका संपेपर्यंत हा आकडा २०७ झाला होता, आणि तो ओलांडायला ड्रेक या रॅप गायकाला २०२० साल उजाडावे लागले.

हा विक्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावरून त्या काळी बराच वाद झाला. ‘ग्ली’ची बहुसंख्य गाणी यादीत जेमतेम एकच आठवडा टिकली. सर्वसाधारण श्रोत्याला एखादे गाणे आवडू लागले की ते हळूहळू वर चढते, रेडिओवर वाजते, महिनोन्महिने राहते. इथे तसे होत नव्हते. ठरावीक संख्येचे चाहते भाग पाहून त्याच आठवड्यात चार-पाच गाणी एकदम विकत घेत, ती सारी एकदम यादीत शिरत, आणि पुढच्या आठवड्यात नव्या भागाच्या गाण्यांना जागा करून देत. शिवाय ही यादी १९५८ मध्ये सुरू झाली, तोवर एल्व्हिस यांची कितीतरी गाजलेली गाणी होऊन गेली होती. त्यामुळे ‘ग्ली’ एल्व्हिसपेक्षा मोठी ठरली, असा अर्थ या आकड्यांतून निघत नाही. दर आठवड्याला हमखास पैसे मोजणारा, नव्या भागाबरोबर ताजा होणारा एक प्रेक्षकवर्ग तयार झाला होता, एवढे मात्र त्यातून नक्की कळते. या चाहत्यांसाठी गाणे विकत घेणे म्हणजे त्या प्रसंगाला दिलेले मत होते.

९ नोव्हेंबर २०१० च्या भागाने हे स्पष्ट दिसून आले. शाळेतला छळ असह्य झालेला कर्ट प्रतिस्पर्धी शाळेत हेरगिरी करायला जातो. डाल्टन अकॅडमी ही मुलांची खासगी शाळा. तिथे गणवेशाचे कोट, भव्य जिना, आणि छळाला अजिबात थारा न देण्याचा नियम. जिन्यात त्याला ब्लेन भेटतो, त्याचा हात धरतो आणि त्याला व्हरांड्यातून धावत गायनमंडळाच्या दालनात घेऊन जातो. तिथे ब्लेन केटी पेरीचे ‘टीनेज ड्रीम’ गातो, आणि गाताना त्याची नजर पुन्हा पुन्हा कर्टकडे वळते. एका मुलाने दुसऱ्या मुलासाठी गायलेले प्रेमगीत, तेही गंमत म्हणून किंवा कोणाला दचकवण्यासाठी नव्हे, तर जसे कोणत्याही नायकाने नायिकेसाठी गावे तसे, लाखो घरांत संध्याकाळच्या वेळी पाहिले गेले. ते गाणे यादीत थेट आठव्या क्रमांकावर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, शाळांतल्या छळामुळे समलिंगी मुलांनी केलेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी अमेरिका हादरली होती, आणि ‘इट गेट्स बेटर’ ही दिलासा देणारी मोहीम सुरू झाली होती. त्या पार्श्वभूमीवर व्हरांड्यातून हातात हात घेऊन धावणारी ती दोन मुले चाहत्यांना किती मोलाची वाटली असतील, याची कल्पना करता येते. डॅरेन क्रिस या अभिनेत्याचा मालिकेतला तो पहिलाच भाग होता.

जोड्यांचे राजकारण

दोन पात्रांची जोडी जमावी असे मनापासून वाटणे आणि त्यासाठी आवाज उठवणे, याला चाहत्यांच्या जगात ‘शिपिंग’ म्हणतात. दोघांची नावे एकत्र करून जोडीचे नाव बनते: फिन आणि रेचल यांचे ‘फिंचेल’, कर्ट आणि ब्लेन यांचे ‘क्लेन’, मंडळातल्याच ब्रिटनी आणि सॅन्टाना या दोन मुलींचे ‘ब्रिटाना’. चीअरलीडर क्विन आणि रेचल या दोघींना कथेत लेखकांनी कधीही प्रेमिक म्हणून एकत्र आणले नाही, तरी त्यांच्याही ‘फेबेरी’ नावाच्या जोडीवर चाहत्यांनी भरपूर कथा लिहिल्या. या प्रकाराला पोरकटपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोणत्या दोन माणसांच्या प्रेमाला कथेत किती वेळ, किती गाणी आणि किती गांभीर्य मिळते, हा सरळसरळ न्यायाचा प्रश्न आहे, आणि या चाहत्यांनी तो तसाच हाताळला. मुलगा-मुलीची जोडी दर भागात चुंबन घेत असताना समलिंगी जोडीच्या वाट्याला मिठीच का येते, हे त्यांनी भागांचे दाखले देऊन दाखवून दिले.

डिसेंबर २०११ मधल्या नाताळच्या भागासाठी चित्रित केलेले एक दृश्य संकलनात वगळले गेले होते; त्यात ब्लेन कर्टला च्युइंगगमच्या वेष्टनांपासून बनवलेली अंगठी देतो. त्या दृश्याची पटकथा धर्मादाय लिलावात निघाली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली, आणि पुढे ते दृश्यही सर्वांना पाहायला मिळाले.

ब्रिटाना ही जोडी तर जवळपास चाहत्यांनीच उभी केली असे म्हणता येईल. हेदर मॉरिस ही मूळची नर्तकी. बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’ या गाण्याचे नृत्य कलाकारांना शिकवण्यासाठी तिला बोलावले गेले, आणि तिला ब्रिटनीची छोटी भूमिका मिळाली. नाया रिवेराने साकारलेली सॅन्टानाही आरंभी मागे उभी राहून टोमणे मारणारी चीअरलीडर होती. ९ डिसेंबर २००९ च्या भागात मंडळातली मुले फोनवर एकमेकांशी बोलत असतात. शरीरसंबंध म्हणजे प्रेमसंबंध नव्हे, असे सॅन्टाना म्हणते, त्यावर ब्रिटनी सहज बोलून जाते की तसे असते तर सॅन्टाना आणि मी प्रेमात आहोत असे झाले असते. लेखकांनी हे वाक्य हशा पिकवण्यासाठी लिहिले होते, आणि तिथून मालिका थेट पुढच्या एप्रिलपर्यंत सुट्टीवर गेली. पण चाहत्यांनी, विशेषतः समलिंगी मुलींनी आणि स्त्रियांनी, ते वाक्य विनोद म्हणून सोडून दिले नाही. मागचे भाग पुन्हा पाहून त्यांनी पार्श्वभूमीला दोघींनी करंगळ्या गुंफलेल्या कुठे दिसतात ते शोधले, त्या नजरा आणि ते स्पर्श एकमेकांना दाखवले, आणि ही कथा गांभीर्याने सांगा अशी मागणी लावून धरली.

अमेरिकेत वाहिन्यांवरच्या मालिका तेव्हा शरद ऋतूपासून मे महिन्यापर्यंत चालत, आणि सुरुवातीचे भाग दाखवले जात असतानाच पुढच्या भागांचे लेखन व चित्रीकरण चालू असे. त्यामुळे प्रेक्षक काय म्हणतात ते लेखकांच्या कानावर पडे, आणि त्यानुसार कथेची दिशा बदलायला वावही असे. दुसऱ्या पर्वात दोघी प्रमुख कलाकारांत आल्या. मार्च २०११ मध्ये, शाळेतल्या लॉकरपाशी उभी राहून, आजवर सर्वांना बोचकारणारी सॅन्टाना रडत ब्रिटनीला सांगते की माझे तुझ्यावर प्रेम आहे, पण लोक काय बोलतील, कसे पाहतील याची मला भीती वाटते. नाया रिवेराने तो प्रसंग इतक्या सच्चेपणाने केला की सॅन्टानाचे आधीचे सगळे टोमणे त्या भीतीच्या उजेडात पुन्हा पाहावेसे वाटतात. एका वाक्यातून इथवर पोहोचलेली ही कथा आपण घडवून आणली, असे चाहत्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

म्हणूनच पुढचे घाव जास्त लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये फिन भांडणाच्या भरात व्हरांड्यात सर्वांदेखत सॅन्टानाचे गुपित फोडतो. ते एका राजकीय प्रचाराच्या जाहिरातीपर्यंत पोहोचते, आणि आजीला सांगण्याची वेळ सॅन्टानावर तिची स्वतःची तयारी होण्याआधीच येते. आजी तिला घराबाहेर काढते. एखाद्याचे असे गुपित दुसऱ्याने फोडणे ही किती मोठी हिंसा आहे, हे मालिकेच्या कित्येक प्रेक्षकांना अनुभवाने माहीत होते. पुढच्या भागात मात्र फिन तिच्यासाठी गाणे गाणारा, तिला आधार देणारा भला मुलगा म्हणून दाखवला गेला. या भागावर उसळलेला संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. वेदना सॅन्टानाची असताना कथेचे केंद्र फिनचा मोठेपणा झाले होते, आणि ज्यांना केंद्रस्थानी आणण्याचा शब्द दिला होता त्यांनाच पुन्हा बाजूला सारले गेले होते.

४ ऑक्टोबर २०१२ च्या भागात फिंचेल, क्लेन आणि ब्रिटाना या तिन्ही जोड्या एकाच रात्रीत मोडल्या. नाते तुटणे हे कथेत होतच असते, आणि प्रेक्षक ते सहन करतात. त्याच डिसेंबरमध्ये मात्र ब्रिटनी सॅम या मुलाबरोबर जमू पाहत असताना त्याला सांगते की देशभरातल्या समलिंगी मुलींना माझे आणि सॅन्टानाचे नाते फार मोलाचे वाटते, आणि आपले जमल्याचे कळले तर त्या तुला इजा करतील. चाहत्यांनी तीन वर्षे जे प्रेम ओतले होते, ते पात्राच्या तोंडून त्यांच्याच अंगावर विनोद म्हणून फेकले गेले. टीका आवडली नाही म्हणून लेखकाने उत्तर द्यावे, यात गैर काही नाही. पण लेखकाच्या हातात वाहिनी असते आणि चाहत्याच्या हातात फक्त आपले म्हणणे असते. त्या संवादाने अनेकांनी मालिकेकडे पाठ फिरवली.

चाहत्यांचे सगळेच वागणे समर्थनीय होते असे नाही. एका जोडीचे समर्थक दुसऱ्या जोडीच्या कलाकारांना घालूनपाडून बोलत. पडद्यावरचे प्रेम खऱ्या आयुष्यातही आहे असे ठरवून काहींनी कलाकारांच्या खऱ्या जोडीदारांना त्रास दिला. कथेवर हक्क सांगणे आणि माणसावर हक्क सांगणे यांतली सीमा इथे ओलांडली गेली, आणि त्याचा त्रास झाला तो कथा न लिहिणाऱ्यांना.

जानेवारी २०१३ मधला वाद वेगळ्या प्रकारचा होता. सर मिक्स-अ-लॉटच्या ‘बेबी गॉट बॅक’ या रॅप गाण्याला जोनाथन कोल्टन या गायकाने २००५ मध्ये स्वतः रचलेली मंद, गोड चाल लावली होती. ‘ग्ली’ने तीच चाल त्याला न विचारता वापरली, इतकी जशीच्या तशी की कोल्टनने गाण्यात घातलेले स्वतःचे टोपणनावही मालिकेतल्या गायकाच्या तोंडी तसेच राहिले. अमेरिकन कायद्यात दुसऱ्याच्या गाण्याच्या आवृत्तीतली रचना स्वतंत्रपणे राखून ठेवणे अवघड असते, त्यामुळे कोर्टाचा मार्ग त्याला फारसा खुला नव्हता. त्याने आपले जुने ध्वनिमुद्रण ‘ग्लीच्या शैलीत’ असे नाव देऊन पुन्हा विक्रीला आणले आणि मिळालेले पैसे सामाजिक कामाला दिले. दुर्लक्षित कलावंतांची बाजू घेणाऱ्या मालिकेकडून हे व्हावे, याचे दुःख चाहत्यांनी उघडपणे व्यक्त केले.

शोक

१३ जुलै २०१३ रोजी फिनची भूमिका करणारा कोरी मॉन्टिथ व्हँकुव्हरमध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावला. हेरॉइन आणि मद्य यांचे एकत्र सेवन हे कारण पुढे अधिकृतपणे सांगण्यात आले. रेचलची भूमिका करणारी ली मिशेल आणि तो खऱ्या आयुष्यातही एकत्र होते, त्यामुळे फिंचेलच्या चाहत्यांना पात्र आणि माणूस यांच्यासाठी वेगवेगळे रडता येईना. १० ऑक्टोबर २०१३ रोजी फिनला निरोप देणारा भाग आला. फिन कसा गेला हे त्यात सांगितले नाही. आरंभीच कर्ट म्हणतो की तो कसा गेला हा त्याच्या आयुष्यातला एक क्षण आहे, मला तो कसा जगला याचे जास्त मोल वाटते. यावर चाहत्यांत मतभेद झाले. व्यसनाबद्दल तरुण प्रेक्षकांशी स्पष्ट बोलण्याची संधी दवडली, असे काहींनी म्हटले. कलाकारांचे रडणे खरे होते आणि त्यांच्यावर त्याहून जास्त ओझे लादायला नको होते, असे इतरांना वाटले. मी दुसऱ्या बाजूचा आहे. ली मिशेल त्या भागात ‘मेक यू फील माय लव्ह’ गाते तेव्हा तिथे अभिनय शोधणे कठीण आहे.

मूळ योजनेप्रमाणे मालिकेचा शेवट रेचल लिमाला परत येते, फिन तिथे गायनमंडळाचा शिक्षक असतो, आणि ती त्याला आपण घरी आल्याचे सांगते, असा व्हायचा होता. हे रायन मर्फी यांनी नंतर सांगितले. तो शेवट गेल्यावर मालिकेलाही पुन्हा सूर सापडला नाही. तिसऱ्या पर्वानंतर मूळची बरीच मुले शाळा सोडून गेलेली, कथा लिमा आणि न्यूयॉर्क यांत विभागलेली, नवी मुले प्रेक्षकांच्या मनात न रुजलेली, अशी अवस्था आधीच झाली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवलेला भाग सुमारे २ कोटी ६८ लाख लोकांनी पाहिला होता. शेवटच्या रात्री हा आकडा सुमारे २७ लाखांवर आला होता.

जे उरले होते त्यांच्यासाठी अखेरच्या पर्वात लेखकांनी बरीच देणी फेडली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनी-सॅन्टाना आणि कर्ट-ब्लेन यांची लग्ने एकाच मांडवात लागली, आणि दुरावलेली आजीही आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहाला मान्यता दिली ती त्यानंतर, जूनमध्ये. शेवटून दुसरा भाग पुन्हा २००९ सालात जातो आणि पहिल्याच भागाची कथा इतरांच्या बाजूने सांगतो. त्यात कळते की गायनमंडळात येण्याआधी कर्टच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत होते. पहिल्या पर्वातला तो नीटनेटका, चटपटीत बोलणारा मुलगा कड्याच्या किती टोकावर उभा होता, हे चाहत्यांना सहा वर्षांनी सांगण्यात आले, आणि कित्येकांनी आपणही तेव्हा तिथेच होतो असे लिहिले.

मालिका संपल्यानंतर

जून २०२० मध्ये, शेवटच्या पर्वात काम केलेल्या समँथा वेअर या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ली मिशेलने सेटवर आपले जगणे नकोसे केले होते, असे जाहीरपणे लिहिले, आणि ली मिशेलने माफी मागितली. मर्सिडीजला आणि टीनाला मागे का ठेवले गेले, हे पहिल्या पर्वापासून विचारणाऱ्या चाहत्यांना त्या प्रश्नाकडे पुन्हा वळावे लागले. पुढच्याच महिन्यात, ८ जुलैला, नाया रिवेरा कॅलिफोर्नियातल्या पिरू सरोवरात बुडाली. तिचा लहान मुलगा बोटीत एकटा सापडला, आणि तिचा मृतदेह १३ जुलैला, कोरीच्या मृत्यूला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, हाती लागला. त्या दिवसांत चाहत्यांनी तिच्याबद्दल जे लिहिले त्यात एक गोष्ट सतत येत होती: लॉकरपाशी रडणारी सॅन्टाना पाहून मी घरी सांगितले.

आर्टीची भूमिका करणारा केव्हिन मॅकहेल आणि टीनाची भूमिका करणारी जेना अशकोविट्झ यांनी २०२२ पासून पॉडकास्टमध्ये मालिकेचा एकेक भाग पुन्हा पाहायला घेतला, आणि जुन्या चाहत्यांचे आक्षेप आता कलाकारांच्याच तोंडून ऐकायला मिळू लागले. नव्याने पाहणाऱ्यांची सहानुभूती मात्र वेगळ्याच ठिकाणी वळलेली दिसते. पहिल्या भागात विल शूस्टर फिनचा गोड आवाज चोरून ऐकतो, आणि त्याला मंडळात आणण्यासाठी त्याच्या लॉकरमध्ये गांजा ठेवून त्याला अडकवतो. तेव्हाच्या बहुतेक प्रेक्षकांनी हे विनोदी मालिकेतली एक युक्ती म्हणून चालवून घेतले, कारण विल हा मुलांचा तारणहार आहे हे त्यांनी आधीच मान्य केले होते. आज मालिका पहिल्यांदा पाहणारी तरुण मुले त्याच प्रसंगापाशी अडतात आणि विद्यार्थ्याला फसवणारा शिक्षक नायक कसा, असे विचारतात. त्यांच्यातल्या कित्येकांना सू सिल्व्हेस्टर त्याच्यापेक्षा बरी वाटते, कारण आपण काय करणार आहोत ते ती निदान तोंडावर सांगते.